एक माप मोठी बांगडी

बांगडी भरणाऱ्याच्या हातून बांगडी फुटतेच. तीस वर्षं हे काम करतेय, आणि ज्याच्या हातून कधीच फुटली नाही असा बांगडीवाला मला अजून भेटायचाय. म्हणून नागपंचमीच्या आदल्या दिवशी एका नव्या सुनेच्या हातात लागोपाठ तीन बांगड्या फुटल्या तेव्हा मी सरळ काचेला नावं ठेवली. "यंदा माल हलका आलाय," म्हणाले. चौथी फुटली. पोरीच्या अंगठ्याच्या बुडाशी रक्ताचा ठिपका आला आणि तिनं हात मागं ओढला.

तो मागं ओढलेला हात मी विसरू शकले नाही. माझ्या हातात हात देऊन बायका गप्पा मारतात, एक-दोघी तर डुलक्याही घेतात. हात काढून घेतलेला मला आठवत नव्हता.

मी नसीम. अहमदपूरला मोंढ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमचं बांगड्यांचं दुकान आहे. दुकान सासूचं होतं, तिनं मला शिकवलं. आमचे हे एसटीच्या आगारात मेकॅनिक होते, आता रिटायर होऊन दुकानात डबे लावतात, माल मागवतात आणि मला सल्ले देतात. मुलगी सबा लातूरला शाळेत शिकवते. घरात आम्ही दखनी बोलतो, पण मी दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकले आणि माझी सगळी गिऱ्हाइकं मराठीच बोलतात, म्हणून हे मराठीत लिहितेय. माझ्यासारखीच कुणी बोटं चोळत, "थंडीनं होत असेल" म्हणत घरी बसली असेल, तिच्या हाती हे पडावं एवढीच इच्छा आहे.

बोटांना कळतं

बांगडी भरणं म्हणजे जोर लावणं नव्हे. आधी हात दाबून दाबून मऊ करायचा. मग अंगठा तळव्यात मुडपायचा, बोटांची हाडं एकमेकांवर आणायची आणि बांगडी गोल फिरवत चढवायची. अंगठ्याच्या गाठीशी ती अडते. तिथं काचेला ताण येतो, आणि तो ताण फुटायच्या आधी आपल्या बोटांना कळतो. कळला की थांबायचं, जरा फिरवायचं, पुन्हा दाबायचं. सासू म्हणायची, "डोळे रस्त्यावर ठेव, बोटं कामावर."

तर नागपंचमीपासून माझ्या बोटांना तो ताण कळेना. मुंग्या येत. जाड रुमालातून काहीतरी धरलंय असं वाटे. ब्लाऊजचं हुक लावायला तीन-तीनदा झटावं लागे. भाकरी थापताना मात्र काही अडत नव्हतं, त्यामुळं मी मनाची समजूत घालत होते की हात चांगलेच आहेत, काचच वाईट आहे.

माझी युक्ती

आता चूक सांगते. असली चूक बांगडीवालीच करू शकते.

आमच्याकडं बांगडीची मापं आकड्यांत बोलतात. दोन-चार म्हणजे लहान, दोन-सहा मधलं, दोन-आठ मोठं. बाई दुकानाची पायरी चढेपर्यंत मी तिचं माप ओळखते, विचारावं लागत नाही. नेमक्या मापाची बांगडी चढवताना घासून चढते आणि चढली की मनगटावर शोभून बसते. एक माप मोठी घेतली तर काहीच करावं लागत नाही, लहान पोरगंही चढवेल.

मी दोन-चारवालीला दोन-सहा द्यायला लागले. दोन-सहावालीला दोन-आठ. कुणी म्हणालीच, "भाभी, सैल होऊन राहिली," तर मी म्हणे, "आता सैलच चालतात. लातूरच्या पोरी बघा, कोपरापर्यंत सरकवतात." फुटणं बंद झालं. मी इतकी खूश झाले की काही दिवसांनी मलाच वाटायला लागलं, हात बरे झाले.

समोरच्या किराणा दुकानाची महानंदा माझी लग्न होऊन आले तेव्हापासूनची मैत्रीण. ते लोक लिंगायत. महानंदा रोज सकाळी शिवाची पूजा झाल्याशिवाय पाणी घेत नाही, आणि पूजा झाली की पहिला चहा माझ्याकडं घेते. तिचं माप तीस वर्षं दोन-चार. दिवाळीला तिलाही मी दोन-सहा भरल्या. तिनं हात हलवून पाहिला, बांगड्या खुळखुळल्या, माझ्याकडं एकदा बघितलं आणि म्हणाली, "छान हाय रंग." पुढं तिच्या बांगड्यांना हिरवा दोरा गुंडाळलेला दिसायला लागला. मठातून आणला असेल समजून मी विचारलं नाही.

लातूरचा रिपोर्ट

सबाच्या आग्रहाखातर लातूरला हाडाच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी मानेचा एमआरआय काढला. मानेच्या मणक्यांची झीज झालेली, दोन गाद्या मागं सरकलेल्या, त्यातली एक मज्जारज्जूला टेकलेली. "या वयात बऱ्याच जणांच्या फोटोत असं दिसतं," डॉक्टर म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी नीट विचारलं, "कामात काही फरक पडलाय? बांगड्या फुटतात?"

मी म्हणाले, "नाही, आता नाही फुटत."

माझं बोलणंही खोटं नव्हतं. गोळ्या मिळाल्या, मानेचा पट्टा मिळाला, दोन महिन्यांनी या म्हणाले. येताना चाकूरला बस थांबली तेव्हा मी यांना भजी आणायला लावली आणि दोघांनी मिळून खाल्ली. सुटलो, असं वाटलं.

चप्पल

पुढच्या महिन्यात सबा घरी आली होती. तिला सोडायला मी स्टँडवर गेले. परत फिरले तर पोरगी बसमधून उतरून मागं पळत आली. "अम्मी, चप्पल!"

माझ्या डाव्या पायात चप्पल नव्हती. स्टँडच्या पायरीशी निघून पडली होती आणि मी तशीच वीस-पंचवीस पावलं खडीवरून चालत आले होते. मला कळलं नव्हतं.

सबानं चप्पल माझ्या पायात घातली. वर बघितलं तेव्हा तिचे डोळे भरले होते. "कधीपासून?" एवढंच विचारलं. मला खरंच माहीत नव्हतं कधीपासून. तिची बस निघून गेली, तिनं शाळेत फोन करून रजा टाकली, आणि त्या दिवशी मी पहिल्यांदा घाबरले. आतापर्यंत हात होता, हाताला कारणं सापडत होती. पायाला कुठलं कारण देणार?

यांनी केलेली चुगली

सबानं नांदेडच्या मेंदू-मणक्याच्या डॉक्टरीणबाईंचा नंबर मिळवला. आम्ही तिघं सकाळच्या बसनं निघालो. लोहा गेलं. विष्णुपुरी आली तेव्हा हे म्हणाले, "आलं नांदेड," जणू आम्हाला माहीत नव्हतं.

बाई चाळिशीच्या असतील. खोलीत शिरताच सवयीनं माझी नजर त्यांच्या हाताकडं गेली. दोन-चार. हातात फक्त घड्याळ. त्यांनी मला दहा सेकंदांत जमेल तितक्या वेळा मूठ उघड-बंद करायला लावली. मला वाटलं भराभर केली, पण सबा तोंड फिरवून उभी राहिली. एका रेघेवर टाचेला अंगठा लावत चालायला सांगितलं, तर यांनी मला दंडाला धरलं. मग बाईंनी माझं मधलं बोट हातात घेतलं आणि त्याच्या नखाला टिचकी दिली. माझा अंगठा आपोआप आत वळला. मी वळवला नव्हता. दुसऱ्यांचे अंगठे मुडपण्यात माझी जिंदगी गेली, आणि माझाच अंगठा असा परस्पर मुडपतोय हे बघून मला कसंतरीच झालं.

"दुकानात अडचण येते?" बाईंनी विचारलं.

"नाही जी," मी म्हणाले. "आता फुटत नाहीत."

तेव्हा आमचे हे, जे डॉक्टरसमोर कधी तोंड उघडत नाहीत, ते खुर्चीतून पुढं सरकले. "खोटं बोलून राहिली ती, डॉक्टरसाब. दोन-चारवालीला दोन-सहा देऊन राहिली. माल मी मागवतो. दोन-चारचे डबे धूळ खाऊन राहिले अन् दोन-सहाचे महिन्याला दोनदा संपून राहिले. गावातल्या बायांचे हात काय एकदम जाड झाले का?"

माझा असा संताप झाला म्हणता! चौतीस वर्षांच्या संसारात यांनी माझी अशी उघड चुगली कधी केली नव्हती. वर मला म्हणतात, "दिवाळीपासून पाहून राहिलो मी. वाटलं, तू स्वतः सांगशील."

डॉक्टरीणबाई मात्र पेन खाली ठेवून यांच्याकडं बघत होत्या. "काका, लातूरच्या रिपोर्टात जे नव्हतं ते तुम्ही सांगितलं." मग माझ्याकडं वळल्या. "मावशी, तुम्ही आजार बरा नाही केला. आजाराला जागा करून दिली."

मी रडले. सबानं पाठीवर हात ठेवला. हे खिशातला रुमाल शोधत राहिले, तो माझ्याच पिशवीत होता.

पत्र्याची शेड

बाई म्हणाल्या, साध्या एमआरआयमध्ये रज्जू बाहेरून किती दबलाय ते दिसतं. आत बिघाड सुरू झालाय का, ते पुष्कळदा उशिरा दिसतं. आता त्याच मशीनवर एक जास्तीची तपासणी करता येते, तिच्यात रज्जूच्या आतले धागे कसे आहेत याचा अंदाज येतो. ती सगळीकडं होत नाही आणि तिच्यावर अजून अभ्यास चालू आहे. "एकट्या तिच्यावर मी काही ठरवत नाही," त्या म्हणाल्या. "पण तुमचे हातपाय मला जे सांगताहेत, ते ती खरं आहे म्हणते का, हे बघायचंय."

मशीनच्या खोलीबाहेरच्या ताईंनी अंगावरचं सगळं काढायला सांगितलं. लातूरला मी साध्या काचेच्या बांगड्यांवर गेले होते, तिथं फक्त गळ्यातली काळी पोत काढली होती. या वेळी हातात सोनेरी जरीच्या होत्या. जरीतल्या धातूनं फोटो बिघडू नये म्हणून त्याही काढायच्या. म्हटलं, काढते. आणि मला काढता येईनात. स्वतःच्या हातातल्या बांगड्या! अंगठा मुडपत नव्हता, पकड बसत नव्हती.

यांनी मला बेसिनपाशी नेलं, माझ्या हाताला साबण लावला आणि एकेक बांगडी काढायला लागले. जीभ दातांत धरून, नट ढिला करावा तसे. एकही फुटली नाही. सगळ्या धुऊन रुमालात बांधल्या. पोत त्यांनी स्वतःच्या मुठीभोवती गुंडाळली. लग्न झाल्यापासून माझे दोन्ही हात एकदम मोकळे कधी झाले नव्हते. ते बघून मला सासू आठवली, आई आठवली, नको नको ते मनात आलं. "अल्ला, हात घे पण यांना ठेव," असंही काहीतरी म्हणाले असेन. ताईंनी कानात कापूस घातला आणि मला आत सरकवलं.

आतला आवाज कुणी सांगितलेला नसतो म्हणून सांगते. ठण ठण, गुर्र, पुन्हा ठण ठण. आधी भीती वाटली. मग वाटलं, हा आवाज तर ओळखीचा आहे. नवीन लग्न झालं तेव्हा यांचा डबा घेऊन मी आगारात जायची, तिथं पत्रा ठोकायची शेड होती. हे शेडबाहेर येऊन, हात पुसून, माझ्याकडं न बघता डबा घ्यायचे, लोक बघतील म्हणून. मी डोळे मिटले आणि डबा घेऊन उभी राहिले. साध्या फोटोपेक्षा वेळ बराच लागला. हलायचं नव्हतं, मी हलले नाही.

बाहेर आले तर हे उभेच होते, पोत तशीच मुठीला. मग त्यांनी मला बाकावर बसवलं आणि बांगड्या परत भरायला घेतल्या. इथं मात्र त्यांची मेकॅनिकी चालली नाही. घामाघूम झाले, दोन फुटल्या.

"हात सैल सोड ना!" माझ्यावरच खेकसले.

"सैलच हाय. तुम्ही बेअरिंग बसवून राहिले का?"

"बेअरिंग सोपं असतं."

शेजारची पेशंट बाई तोंडाला पदर लावून हसत होती. मलाही हसू आवरेना. भीती कुठं गेली नव्हती, पण तिला घटकाभर बाजूला बसावं लागलं.

निळी रेघ

दोन दिवसांनी बाईंनी पडद्यावर चित्र दाखवलं. मानेतून खाली उतरणारी एक निळी रेघ. वर गर्द, खाली गर्द, आणि मध्ये नखाएवढ्या जागेत फिकट, विस्कटलेली.

त्यांनी टेबलावरचा दोऱ्याचा तुकडा उचलला, पाण्यात बुडवला आणि उभा धरला. पाणी धाग्याधाग्यानं सरळ खाली आलं. मग दोरा मध्ये चिमटीत चोळून विस्कटला आणि पुन्हा बुडवला. आता पाणी तिथं आडवं पसरलं, थेंब तिथंच लोंबत राहिला. "मशीन एवढंच बघतं, रज्जूतलं पाणी सरळ जातंय की आडवं पसरतंय. तुमचं इथं पसरतंय. आत्ता सुरुवात आहे."

"गोळ्यांनी?" सबानं विचारलं.

"गोळ्यांनी दाब हटत नाही. ऑपरेशन करून जागा मोकळी करावी, असं माझं मत आहे. जे गेलंय ते सगळं परत येईलच असं मी सांगणार नाही. जे आहे ते राखायचं, यासाठी ऑपरेशन."

मला त्या बाईंचं हे बोलणं फार आवडलं. एवढे महिने सगळे मला बरं वाटावं म्हणून बोलत होते, मी धरून. त्या बाईंना आणि त्यांच्या मशीनला कुणाची भीड नव्हती.

सही

घरी आल्यावर युद्ध झालं. मानेचं ऑपरेशन म्हटल्यावर ज्याला त्याला कुणीतरी लुळं पडलेलं आठवायला लागलं. यांना आगारातल्या एका जुन्या ड्रायव्हरचा मेहुणा आठवला. "चालता माणूस गेला अन् खाटेवर आला," दिवसातून चारदा ऐकवायचे. सबा फोनवरून ओरडायची, हे फोन माझ्याकडं देऊन बाहेर जायचे. जेवताना बोलणं बंद. चुगली करून मला नांदेडला पकडून देणारा माणूस आता ऑपरेशनच्या कागदाला हात लावायला तयार नव्हता.

मला राग यायचा आणि कीवही यायची. एक दिवस दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. हे फळीवर डबे लावत होते. मी म्हणाले, "आज मी दोन-सहा देतेय. पुढच्या नागपंचमीला दोन-आठ देईन. त्याच्या पुढं माप आहे का? माल तुम्ही मागवता, तुम्हीच सांगा."

त्यांनी हातातला डबा खाली ठेवला. मग दोन-चारच्या डब्यांवरची धूळ पुसली, एकेक करून सगळ्यांवरची. दुसऱ्या दिवशी नांदेडला जाऊन त्यांनी माझ्या सहीखाली आपली सही केली.

हिमायतनगरच्या मावशी

ऑपरेशनचं मला काही आठवत नाही, ती चांगलीच गोष्ट म्हणायची. गळ्याच्या पुढून चीर घेऊन सरकलेली गादी काढली आणि तिथं आधार बसवला. शुद्ध आली तेव्हा डॉक्टरीणबाई माझे पाय हलवायला सांगत होत्या. मी हलवले. दाराशी हे उभे होते. माझे पाय हललेले बघून ते भिंतीकडं तोंड करून उभे राहिले, खांदे हलत होते. ज्याच्यावर मी एवढं प्रेम केलं तो माणूस पाठमोरा रडतोय आणि मला हाक मारता येत नाही, कारण आवाजच फुटत नव्हता.

आवाज तीन आठवडे घोगरा राहिला. गिळताना त्रास व्हायचा, पहिले दिवस फक्त पेज आणि कोमट दूध. उताणं पडून छताकडं बघत राहायचं. सकाळी पाचला अंग पुसायला येणाऱ्या मावशी हिमायतनगरच्या होत्या. कुणी सांगितलं नव्हतं तरी त्या माझे केस विंचरायच्या, मान न हलवता, एकेक बट उचलून. त्यांचे हात मोकळे असायचे, कामावर बांगड्या घालायची परवानगी नव्हती. मी घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मावशी, तुमचं माप दोन-आठ."

"घरी गेल्यावर घालते की," त्या हसल्या. "पण सैल नको बाई, मला सैल अजिबात आवडत न्हाई."

सैल नको हे ऐकून मला त्या अवस्थेतही लाज वाटली.

घरातला रमजान

घरी आले आणि थोड्याच दिवसांत रमजान लागला. रोजे धरायचे नाहीत असं बाईंनी बजावलं होतं. गळ्याला पट्टा, हातात चेंडू. चेंडू दाबून कंटाळले तेव्हा सबानं मला वेगळाच व्यायाम लावला. तिन्ही मापांच्या बांगड्या एका सुपात मिसळायच्या आणि डोळे मिटून बोटांनी वेगळ्या करायच्या. पहिल्या दिवशी मी दोन-चार आणि दोन-आठसुद्धा एकत्र टाकल्या. सूप बाजूला ढकलून दिलं. सबा पुन्हा मिसळून समोर ठेवायची. शाळेतल्या पोरांवरही ती अशीच चिवट असणार.

ईदच्या आधीचे दिवस म्हणजे आमच्या दुकानाला उसंत नसते. तेव्हा मी घरात होते आणि दुकानात हे. चौतीस वर्षं सल्ले दिले, आता करून दाखवा म्हटलं. त्यांना परक्या बाईचा हात धरायची लाज, बायकांना त्यांच्या हातात हात द्यायची लाज. हे डबा पुढं सरकवून रस्त्याकडं बघत बसायचे आणि बायका एकमेकींच्या हातात भरून घ्यायच्या. संध्याकाळी घरी येऊन म्हणायचे, "लई काम झालं."

त्याच महिन्यात सुपातल्या बांगड्या हळूहळू वेगळ्या व्हायला लागल्या. बोटांवरचा रुमाल पूर्ण उतरला नाही. उजव्या हाताच्या दोन बोटांना तो आजही आहे. पण जाड होता तो पातळ झाला. पायरी उतरताना आता भिंत धरत नाही. चप्पल पायात आहे की नाही, हे चपलेकडं न बघता कळतं. ज्यांना हे कायम कळत आलंय त्यांना यातली मजा सांगून समजणार नाही.

महानंदा

गुढीपाडवा झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी दुकानात बसायची परवानगी दिली, मान जपून. पहिल्या दिवशी मी कुणाच्या हाताला हात लावला नाही. डबे पुसले, बांगड्या रंगांप्रमाणे लावल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. हे दोन-चारचा डबा सारखा माझ्या हाताशी आणून ठेवत होते. मी तो सारखा परत ढकलत होते. मला ती नागपंचमीची पोरगी दिसत होती, मागं ओढलेला हात दिसत होता.

तिसऱ्या दिवशी पूजा आटपून महानंदा आली. चहा घेतला. मग पायरीवर बसून मनगटावरचा हिरवा दोरा सोडायला लागली.

"मठातला दोरा सोडून राहिलीस का?" मी म्हणाले.

"कुठला मठ?" ती म्हणाली. "बांगड्या गळून पडू न्हाईत म्हणून बांधला होता. दिवाळीच्या आठवड्यातच तीन मोरीत गेल्या भांडी घासताना. मग गुंडाळला दोरा. मी एकलीच न्हाई, गल्लीतल्या सगळ्याच बांधून राहिल्या. पाटलाच्या सुनेनं तर रबर लावलंय."

"तुला माहीत होतं?"

"तीस वर्षं तुझ्या हातात हात दिलाय, नसीम. तुझा हात बदलला ते मला कळणार न्हाई व्हय?"

"मग बोललीस का नाही?"

"कसं बोलू?" ती म्हणाली. "तू इतकी खूश होऊन सांगायचीस, आता फुटत न्हाईत म्हणून. आमच्यात ठरलं होतं, भाभीला कुणी टोकायचं न्हाई. आता वाटतं, चुकलंच आमचं. तेव्हाच कान धरून न्यायला पाहिजे होतं तुला."

अख्खी गल्ली माझ्यासाठी सैल बांगड्यांना दोरे गुंडाळून फिरत होती आणि मी त्यांना लातूरची फॅशन शिकवत होते. इतकं प्रेम माझ्या वाट्याला आलं होतं, आणि त्याच प्रेमानं माझा आजार आणखी काही महिने झाकला होता. दोन्ही गोष्टी एकदम कळल्या आणि दोन्हींसाठी मी तिच्या खांद्यावर डोकं टेकून रडले, मानेचा पट्टा टोचत होता तरी.

दोरा निघाला. महानंदानं हात नुसता खाली केला आणि सगळ्या बांगड्या आपोआप मांडीवर ओघळल्या. मग मोकळा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. "आता माझ्या मापाच्या भर."

यांनी डबा आणून ठेवला आणि या वेळी मी तो ढकलला नाही.

तिचा हात दाबून मऊ केला. अंगठा मुडपला. पहिली बांगडी गोल फिरवत नेली आणि ती गाठीशी अडली. मी थांबले. बोटांच्या टोकांशी, अगदी बारीक, काचेचा ताण लागत होता. मला कळत होता. जरा फिरवली, हाड दाबलं, आणि बांगडी घासून वर गेली. महानंदानं डोळे मिटून घेतले होते.

दुसरी चढली, तिसरी चढली. वेळ फार लागत होता, समोर तिचं किराणा दुकान उघडं पडलं होतं, एक माणूस साखर मागत उभा होता. "थांब रे, हात अडकलाय माझा!" ती इथूनच ओरडली. अकरा भरून झाल्या. बारावी गाठीवर आली आणि फुटली. काच तिच्या मनगटाला लागली, बारीक रेघ उमटली.

महानंदानं हात मागं घेतला नाही. अंगठा तसाच मुडपून धरला आणि दुसऱ्या हातानं डबा माझ्याकडं सरकवला.